नोंद जाईल तिथे संमतीही जावी

हेरॉइनसारख्या ओपिऑइड पदार्थांच्या व्यसनावर दिले जाणारे मेथाडोन हे औषध घेणारा रुग्ण मध्यरात्री एखाद्या इस्पितळात दाखल होतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना दोन गोष्टी तातडीने कळायला हव्या असतात: त्याचा रोजचा डोस किती आहे आणि शेवटचा डोस त्याने नेमका कधी घेतला. मेथाडोन शरीरात दीर्घकाळ रेंगाळते आणि दिवसागणिक साठत जाते, त्यामुळे अंदाजाने दिलेल्या जास्तीच्या डोसचा परिणाम पहिल्या दिवशी जाणवला नाही तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत श्वास मंदावू शकतो. उलट रुग्णाने मधले चार-पाच दिवस औषध घेतलेलेच नसेल, तर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि त्याचा स्वतःचा जुना डोसच त्याच्या जिवावर बेतू शकतो. या भीतीने डॉक्टरांनी फारच कमी औषध दिले, तर औषध सुटल्याचा त्रास असह्य होऊन रुग्ण उपचार अर्धवट टाकून निघून जातो. अमेरिकेत ओपिऑइडच्या व्यसनावरचे मेथाडोन खास मान्यता असलेल्या केंद्रांमार्फतच मिळते, आणि औषधांच्या दुकानांकडून माहिती गोळा करणाऱ्या राज्यांच्या डेटाबेसमध्ये ते बहुधा दिसतच नाही. डॉक्टरांना हवे असलेले उत्तर अस्तित्वात असते, पण रात्री कुलूप लागलेल्या एका केंद्राच्या संगणकात.

२००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्स परिसरातले रुग्ण दुसऱ्या राज्यांमध्ये पांगले तेव्हा ही अडचण उघडी पडली. केंद्रे पाण्याखाली, दूरध्वनी बंद, आणि समोर उभा असलेला माणूस सांगतो आहे तो डोस खरा की त्याच्या आठवणीतला, हे पडताळण्याचा मार्ग डॉक्टरांकडे नाही, अशी ती स्थिती होती.

गेली काही वर्षे मी आरोग्यनोंदींची देवाणघेवाण करणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी घेण्याचे काम करते. व्यसनमुक्ती उपचारांच्या नोंदी एका सरकारी यंत्रणेकडून दुसरीकडे सुरक्षितपणे कशा न्याव्यात, हा प्रश्न या कामात वारंवार समोर येतो, आणि त्यावरची पहिली चर्चा जवळजवळ नेहमीच एन्क्रिप्शनपासून सुरू होऊन एन्क्रिप्शनपाशीच संपते. नोंद वाटेत कोणी वाचू नये ही काळजी रास्त आहे. परंतु ते तंत्र आता पक्के झालेले आहे आणि त्यावर मी इथे अधिक लिहिणार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा टप्पा. नोंद योग्य पत्त्यावर, योग्य माणसाच्या हाती, अगदी सुखरूप पोहोचली, आणि नंतर त्या माणसाने ती ज्या कामासाठी दिलीच नव्हती त्या कामासाठी वापरली, तर तिला सुरक्षित म्हणता येत नाही. संमती आणि हेतू या दोन गोष्टी नोंदीबरोबर प्रवास करतात का आणि पोहोचल्यावरही बंधनकारक राहतात का, यावर तिची सुरक्षितता ठरते.

अमेरिकेतील कायद्याने हे फार लवकर ओळखले होते. १९७० आणि १९७२ मध्ये तिथल्या संसदेने दारू व अमली पदार्थांच्या उपचारांविषयी दोन कायदे केले आणि त्यांच्या आधारे १९७५ मध्ये गोपनीयतेचे नियम आले. संघराज्याच्या नियमसंहितेतील त्यांच्या जागेवरून त्यांना आजही ‘४२ सीएफआर भाग २’, किंवा या क्षेत्रातल्या माणसांच्या तोंडी नुसते ‘पार्ट टू’, म्हटले जाते. व्यसनावर उपचार घ्यायला आलेला माणूस अनेकदा कायद्याने गुन्हा ठरलेली गोष्ट स्वतःच्या तोंडाने कबूल करत असतो. ती कबुली उद्या आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहील असे त्याला वाटले, तर तो येणारच नाही, ही या नियमांमागची धारणा होती. म्हणून अमुक व्यक्ती आमच्याकडे उपचार घेते एवढेही केंद्राने बाहेर सांगायचे नाही, लेखी संमतीने नोंद मिळालेल्यानेही ती पुढे तिसऱ्याला द्यायची नाही, आणि न्यायालयाच्या खास आदेशाशिवाय ती रुग्णाविरुद्धच्या फौजदारी कारवाईत वापरायची नाही, असा बंदोबस्त केला गेला. १९९६ चा हिपा हा सर्वसाधारण आरोग्यगोपनीयतेचा कायदा त्यानंतरचा, आणि उपचारांसाठीच्या देवाणघेवाणीबाबत तो बराच सैल आहे. त्यामुळे एकाच माणसाच्या मधुमेहाची नोंद एका नियमाने चालू लागली आणि त्याच्या व्यसनाची दुसऱ्या नियमाने.

मराठीत ‘शासन’ या शब्दाचा अर्थ सरकार असाही होतो आणि शिक्षा असाही. इतर कुठल्याही विषयात मी या योगायोगाकडे फारसे लक्ष दिले नसते, पण व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मनात नेमके हेच दोन अर्थ एकत्र नांदत असतात. त्याला औषध देणारे खाते, त्याच्या मुलांचा ताबा ठरवण्यासाठी अहवाल मागवणारे खाते, त्याच्या पॅरोलवर देखरेख करणारे खाते आणि त्याला नोकरीवर ठेवणारे खाते ही सगळी त्याच्या लेखी एकच सरकार असतात. ‘सरकारी यंत्रणांमधील सुलभ देवाणघेवाण’ हे शब्द आम्ही तांत्रिक लोक उत्साहाने उच्चारतो, तेव्हा त्याच्या कानावर ते कसे पडत असतील याचा विचार आम्ही पुरेसा करत नाही, असे मला मनापासून वाटते.

ही भीती निराधार नाही. २०१३ मध्ये युटा राज्यात रुग्णवाहिकांमधील मॉर्फिनच्या कुप्या रिकाम्या सापडल्या. त्या तपासात एका पोलीस अधिकाऱ्याने अग्निशमन सेवेतील ४८० कर्मचाऱ्यांच्या औषधांच्या नोंदी राज्याच्या डेटाबेसमधून वॉरंट न घेता पाहिल्या. तिथे कोणी पासवर्ड चोरला नव्हता आणि कुठले एन्क्रिप्शन फोडले नव्हते, कारण त्या अधिकाऱ्याला डेटाबेस वापरण्याची परवानगी होतीच आणि तेव्हाचा राज्याचा कायदा त्याला अडवत नव्हता. पुढे २०१५ मध्ये युटाने पोलिसांना अशा नोंदी पाहण्यासाठी वॉरंट सक्तीचे केले. त्याच २०१५ साली अमेरिकेच्या संघीय मनुष्यबळ खात्यातून २ कोटी १५ लाख व्यक्तींची पार्श्वभूमी-तपासणीची माहिती चोरीला गेल्याचे जाहीर झाले. गोपनीय कामांसाठी भरून घेतल्या जाणाऱ्या त्या अर्जांमध्ये अमली पदार्थ आणि दारू यांच्याविषयीही प्रश्न असतात. पहिल्या घटनेत नोंद अधिकृत दारानेच भलत्या कामाला गेली, आणि दुसरीत अनेक वर्षांची माहिती एका जागी साठवल्यामुळे एका चोरीत सगळीच गेली. मला यांतली पहिली घटना जास्त अस्वस्थ करते, कारण चोरीविरुद्ध आम्ही भिंती बांधतो, पण अधिकृत दाराशी हेतू विचारणारी यंत्रणा बांधताना मात्र कचरतो.

कागदाच्या काळात हेतू विचारण्याचे काम फाइल स्वतःच करत असे. व्यसनमुक्तीची फाइल वेगळ्या कपाटात, त्या कपाटाची किल्ली एकाकडे, संमतीपत्रावर कोणाला द्यायची त्याचे नाव, आणि पाठवलेल्या प्रत्येक प्रतीवर ‘ही माहिती पुढे देण्यास मनाई आहे’ असा शिक्का. इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणजे एक फाइल नसून शेकडो सुटे तुकडे असतात: निदान, औषधे, तपासण्या, भेटींच्या तारखा. त्यांतला प्रत्येक तुकडा समोरच्या यंत्रणेत गेल्यावर वेगळ्या यादीत जाऊन बसतो. मग शिक्का मारायचा कशावर?

याच प्रश्नावर २०११ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य-माहिती तंत्रज्ञान समन्वय कार्यालयाने गोपनीयतेसाठी नोंदींचे विभाजन करण्याचा उपक्रम सुरू केला. २०१२ च्या सप्टेंबरात बाल्टिमोर येथे, आरोग्य खात्याअंतर्गत व्यसन व मानसिक आरोग्य सेवांचे काम पाहणारी सॅमसा ही संस्था आणि माजी सैनिकांचे खाते यांनी मिळून त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. एका काल्पनिक रुग्णाच्या संमतीने व्यसनोपचाराची नोंद एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेली, आणि जाताना तिच्यावर मेटाडेटाचे लेबल होते: ही माहिती संवेदनशील आहे, ती उपचारांसाठी दिलेली आहे, आणि रुग्णाला पुन्हा विचारल्याशिवाय ती पुढे देता येणार नाही. २०१४ मध्ये एचएल७ या प्रमाणीकरण संस्थेने त्याचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात संपूर्ण दस्तऐवजावर, त्यातील एखाद्या विभागावर किंवा अगदी एकेका नोंदीवर लेबल लावता येते. गोपनीयतेची पातळी, संवेदनशीलतेचे कारण, वापराचा हेतू आणि स्वीकारणाऱ्यावरचे बंधन हे सगळे यंत्राला वाचता येईल अशा संकेतांत लिहिलेले असते. जुन्या शिक्क्याचीच ही नवी आवृत्ती आहे. फरक एवढाच, की हा शिक्का समोरच्या संगणकालाही वाचता येतो.

वाचता येतो, म्हणजे तो वाचतोच असे मात्र नाही. एका चाचणीत आम्ही बनावट रुग्णाची नोंद, लेबलांसह, एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत पाठवली. दुसऱ्या यंत्रणेने दस्तऐवज स्वीकारला, लेबल ओळखले, पडद्यावर लाल पट्टीही दाखवली, आणि आम्ही समाधानाने चाचणी उत्तीर्ण झाल्याची खूण केली. दोन दिवसांनी त्याच रुग्णाचा डिस्चार्ज सारांश काढून पाहिला, तर औषधांच्या यादीत ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइडच्या व्यसनावरचे औषध लिहिलेले होते आणि लेबलाचा मागमूस नव्हता. स्वीकारणाऱ्या यंत्रणेने दस्तऐवजातील औषधे उचलून स्वतःच्या यादीत घेतली होती, आणि लेबल मूळ दस्तऐवजापाशीच राहून गेले होते. तिथून पुढे ती यादी विमा कंपनीला, दुसऱ्या इस्पितळाला किंवा आणखी कुठेही गेली असती, तरी कोणालाच काही चुकल्यासारखे वाटले नसते. रुग्ण बनावट होता म्हणून कोणाचे नुकसान झाले नाही, परंतु त्या दिवसापासून मी कोणतीही चाचणी नोंद पोहोचली या टप्प्यावर थांबवत नाही. ती नोंद स्वीकारणाऱ्याकडून तिसऱ्याकडे निघते तेव्हा काय होते, ते पाहिल्याशिवाय चाचणी पूर्ण झाली असे मी मानत नाही.

लेबल टिकले तरी दुसरी एक अडचण उरते, आणि तिच्यावर निव्वळ तांत्रिक उपाय मला तरी दिसत नाही. व्यसनाचे निदान झाकले आणि ब्युप्रेनॉर्फिन उघडे ठेवले, तर जाणकाराला निदान कळतेच. औषध झाकले, तर वारंवार केलेल्या लघवीच्या अमली पदार्थ चाचण्या बोलतात. त्याही झाकल्या, तर नोंद पाठवणाऱ्या केंद्राचे नावच सगळे सांगून टाकते, कारण त्या केंद्रात दुसरा कोणताही उपचार होत नाही. ‘काही माहिती रुग्णाच्या इच्छेनुसार वगळली आहे’ अशी प्रामाणिक ओळ लिहिली, तर तीसुद्धा एक इशाराच ठरते. आणि सगळेच झाकले, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिनचा पत्ता लागत नाही, शस्त्रक्रियेनंतर दिलेली वेदनाशामके अपेक्षेप्रमाणे लागू पडत नाहीत, आणि रुग्ण वेदनेने तळमळत असताना त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. म्हणून काय झाकावे हा निर्णय संगणकातल्या संकेतांच्या यादीवर सोडून चालत नाही. रुग्णाला कोणीतरी शांतपणे बसवून हे परिणाम त्याच्या भाषेत समजावून सांगावे लागतात, आणि ते काम केंद्रातल्या समुपदेशकाइतके चांगले कोणी करू शकत नाही.

माहिती न पोहोचल्यामुळे जीव जातो हेही तितकेच खरे आहे, आणि गोपनीयतेच्या बाजूने बोलताना मला ते विसरायचे नाही. हेरॉइनच्या व्यसनातून सावरत असलेल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या एका तरुणीवर २०१६ मध्ये मिशिगनमध्ये शस्त्रक्रिया झाली. तिने आणि तिच्या पालकांनी तिचा पूर्वेतिहास तिथल्या डॉक्टरांना सांगितला होता, तरी तिला घरी सोडणाऱ्या डॉक्टरपर्यंत तो पोहोचला नाही आणि तिला ऑक्सिकोडोन या ओपिऑइड वेदनाशामकाच्या ५० गोळ्या लिहून दिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ती मृतावस्थेत आढळली. रुग्णाने स्वतःहून दिलेली अशी माहिती नोंदीत ठळकपणे दिसावी यासाठी तिच्या नावाने ओळखला जाणारा ‘जेसीज लॉ’ २०१८ मध्ये मंजूर झाला. या प्रसंगात गोपनीयतेचा नियम आड आला नव्हता, कारण रुग्ण स्वतःच सांगत होती. तिचे सांगणे योग्य पडद्यावर योग्य वेळी उमटले नाही. देवाणघेवाणीच्या बाजूने जे दाखले दिले जातात, त्यांतल्या कित्येकांत कायद्याचा अडथळा किती आणि वाईट सॉफ्टवेअरचा अडथळा किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे असे माझे मत आहे.

खात्याखात्यांतले नियमही सारखे नाहीत. माजी सैनिकांच्या खात्याच्या नोंदींना ‘पार्ट टू’ लागू नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र कलम आहे, आणि त्यात व्यसनाबरोबर एचआयव्ही आणि सिकल सेल ॲनिमिया यांच्याही नोंदींना संरक्षण आहे. २०१८ च्या ‘मिशन’ कायद्याने त्या कलमात बदल करून, उपचारासाठी बाहेरच्या डॉक्टरांना नोंद देताना दर वेळी लेखी संमती घेण्याची अट काढली. सेवेत असलेल्या सैनिकाची स्थिती आणखी वेगळी असते, कारण तो औपचारिक व्यसनोपचार कार्यक्रमात दाखल झाल्याची माहिती त्याच्या कमांडरला देण्याची तरतूद संरक्षण खात्याच्या नियमांत आहे. म्हणजे एकाच माणसाची एकच नोंद तो गणवेश उतरवतो त्या दिवशी एका नियमातून दुसऱ्यात जाते, आणि तिच्यावरचे लेबल त्या दिवशी बदलले नाही, तर ते चुकीचे ठरते.

एका छोट्या भासणाऱ्या गोष्टीचा उल्लेख इथे करायलाच हवा. अमेरिकेत देशव्यापी रुग्णक्रमांक नाही, त्यामुळे दोन यंत्रणांमधला रुग्ण एकच आहे हे नाव, जन्मतारीख, पत्ता यांवरून जुळवले जाते. ही जुळवणी चुकली तर कोणा भलत्याच माणसाच्या नोंदीत व्यसनाचा इतिहास येऊन बसतो. आणि एकदा का तो चार ठिकाणी पसरला, की त्या माणसाला ‘हा मी नव्हेच’ असे प्रत्येक दारात जाऊन सिद्ध करावे लागते, तेही अशा विषयात, जिथे नकार देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची रीत फारशी नाही. त्यामुळे व्यसनोपचाराच्या नोंदींसाठी जुळवणीची अट इतर नोंदींपेक्षा कडक असावी, थोडीही शंका असल्यास यंत्राने न जोडता माणसाला विचारावे, आणि त्यामुळे होणारा उशीर पत्करावा, असे मला वाटते.

आणीबाणीत मात्र उशीर चालत नाही. बेशुद्ध रुग्णाची संमती घेता येत नसेल, तर नियम वैद्यकीय आणीबाणीत संमतीशिवाय नोंद देण्याची मुभा देतात. मात्र कोणाला दिली, कोणी दिली, केव्हा दिली आणि आणीबाणी कोणती होती हे केंद्राने लगेच लिहून ठेवायचे असते. सॉफ्टवेअरमध्ये यालाच ‘काच फोडणे’ म्हणतात. ती फुटल्याची नोंद दुसऱ्या दिवशी कोणी वाचतो की नाही, हा माझा प्रत्येक बैठकीतला प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा उत्तर देणारा माणूस शेजाऱ्याकडे पाहतो.

२०२० च्या मार्चमध्ये संमत झालेल्या ‘केअर्स’ कायद्याने ‘पार्ट टू’ला हिपाच्या जवळ आणले, आणि त्यानुसारचे अंतिम नियम १६ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाले, त्यांचे पूर्ण पालन करण्याची मुदत १६ फेब्रुवारी २०२६ ठरली. आता रुग्ण उपचार, बिले आणि आरोग्यसेवेचे कामकाज यांसाठी एकदाच, पुढील सर्व वेळांसाठी संमती देऊ शकतो, आणि हिपाखाली येणारी स्वीकारणारी संस्था ती माहिती हिपाच्या नियमांनुसार पुढेही देऊ शकते. नोंद फुटल्यास रुग्णाला कळवण्याचे बंधनही आले. या सुलभीकरणाला माझा विरोध नाही. रात्रीच्या इस्पितळातला तो डोसचा प्रश्न त्याने सोपा होईल. परंतु आता लेबलांची गरज उरली नाही असे जे काही सहकारी म्हणू लागले आहेत, ते मला मान्य नाही. रुग्णाविरुद्धच्या दिवाणी, फौजदारी, प्रशासकीय किंवा विधिमंडळाच्या कारवाईत ही नोंद त्याच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय वापरता येत नाही, हे बंधन नोंद कितीही हातांतून गेली तरी तिच्यासोबत राहते. चौथ्या हातातल्या यंत्रणेला ही नोंद मुळात व्यसनोपचार केंद्रातून आली आहे हेच ठाऊक नसेल, तर न्यायालयाचे समन्स आल्यावर ती हे बंधन पाळणार कसे? संमतीने नोंद पाठवताना संमतीपत्राची प्रत किंवा तिच्या व्याप्तीचे स्पष्ट विवरण सोबत जोडण्याची अटही या नियमांत आहे, आणि १९७५ च्या शिक्क्याचा तो थेट वारसा आहे.

नियमांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जिच्यावर आमच्या गटात सध्या काम सुरू आहे: कायदेशीर कारवाईत नोंद वापरू देण्याची संमती इतर कोणत्याही संमतीबरोबर एकत्र करता येत नाही. त्यामुळे संमतीच्या पडद्यावरून आम्ही ती चौकट काढून टाकली आणि तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज केला. तो अर्ज उपचारासाठी नाव नोंदवताना आपोआप उघडत नाही, आणि त्यातली कोणतीही खूण आधीपासून केलेली नसते. हा बदल दाखवला तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, की मग तो अर्ज कोणी भरणारच नाही, नाही का. मी म्हटले, की ज्याला भरायचा असेल तो वकिलाला विचारून भरेल. औषधासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडून तो भरून घ्यायचा नाही.